श्रवणभक्ती आणि दोनशे वॉट

अंगारकी चतुर्थीला जालन्याहून भोकरदनकडे जाणारा रस्ता आदल्या रात्रीपासूनच माणसांनी भरतो. राजूरच्या गणपतीला पायी निघालेले लोक, अनवाणी बायका, खांद्यावर झोपलेली लेकरे, मधूनमधून चहा-फराळ वाटणारी मंडळे. याच रस्त्यावर आता मोटरसायकलींचे जथेही असतात. पुढे भगवा झेंडा आणि क्रॅशगार्डला, हँडलला किंवा मागच्या पेटीवर बसवलेला स्पीकर, त्यावर आरती, अभंग, नामाचा गजर. लांबच्या प्रवासासाठी घेतलेल्या मोठ्या गाड्यांवर तर ही व्यवस्था वरचेवर वाढत जाते. आधी छोटा ब्लूटूथ स्पीकर, मग जलरोधक स्पीकरची जोडी, मग वेगळा अॅम्प्लिफायर, आणि तो पेलावा म्हणून मोठी बॅटरी. एरवी ही गॅरेजची आणि खिशाची गोष्ट असती. पण स्पीकरवर देवाचे नाव लागते आणि गाडीवाल्याच्या मनात ते देवाचे काम असते, तेव्हा त्याला धर्माचाच प्रश्न विचारावा लागतो: या ऐकण्याला आणि ऐकवण्याला भक्ती म्हणता येईल का? माझे म्हणणे असे की श्रवण वाढते ते गोंगाट कमी केल्याने. आवाज चढवून गोंगाटावर मात करू पाहणारे यंत्र श्रवणाला हातभार लावत नाही, ते ऐकणाऱ्यालाच बाजूला सारते. हे म्हणणे भावनेवर सोडून चालणार नाही. त्याला शास्त्राचा आधार द्यावा लागेल आणि वाऱ्याच्या व ध्वनीच्या नियमांचाही.

शास्त्राचा आधार जालना जिल्ह्यातच आहे. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, जन्म १६०८ चा. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद भक्तीचे नऊ प्रकार सांगतो आणि त्यात पहिले स्थान श्रवणाला देतो. समर्थांनी दासबोधाचा चौथा दशक याच नऊ भक्तींना दिला, एकेका भक्तीला एकेक समास, आणि सुरुवात श्रवणापासून. तो पहिला समास वाचताना एक गोष्ट जाणवते. समर्थांनी काय काय ऐकावे याची फार मोठी यादी दिली आहे. कर्ममार्ग, उपासनामार्ग, ज्ञानमार्ग, योग, वैराग्य, व्रते, तीर्थे, कला, संगीत, काही सोडलेले नाही. पण एवढे सारे ऐकून श्रोत्याने करायचे काय, तर त्यातले सार घ्यायचे आणि असार टाकायचे. म्हणजे ऐकणे हे त्यांच्या लेखी एक काम आहे, निवडण्याचे. कान उघडा आहे म्हणून आत शिरलेला नाद त्यांनी श्रवणात धरलेला नाही. पुढे सातव्या दशकात ते श्रवणाकडे पुन्हा वळतात आणि त्याला मननाची जोड देतात. त्याच्याही मागे बृहदारण्यक उपनिषदातला याज्ञवल्क्य उभा आहे, मैत्रेयीला श्रवण, मनन, निदिध्यासन या क्रमाने आत्म्याकडे नेणारा. या परंपरेत श्रवणाची किंमत ते किती मोठ्याने झाले यावर ठरत नाही, त्याच्यामागून मनन उठले की नाही यावर ठरते. समर्थांच्याच चरित्रात परंपरेने जपलेला प्रसंग याची साक्ष देतो. लग्नाच्या मांडवात भटजींनी म्हटलेले ‘सावधान’ सगळ्या वऱ्हाडाने सारख्याच आवाजात ऐकले, आणि एक मुलगा बोहल्यावरून निघून गेला.

आता ही कसोटी मोटरसायकलवर बसलेल्या माणसाच्या कानाला लावू. पन्नास-साठच्या वेगापुढे गाडीचा मुख्य आवाज इंजिनाचा राहत नाही, वाऱ्याचा होतो. हेल्मेटच्या कडेवरून आणि मानेखालून हवा फाटत जाते आणि तिची घरघर थेट कानाशी उमटते. ताशी १०० किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आत हा आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो, असे या विषयावरची मोजमापे दाखवतात. कामाच्या जागी कानाच्या संरक्षणासाठी वापरला जाणारा एक प्रसिद्ध मापदंड ८५ डेसिबलला आठ तास देतो आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात. या घरघरीवर अभंगाचे शब्द कळावेत म्हणून स्पीकर तिच्याही वर न्यावा लागतो. इथे ध्वनीचा नियम फार कठोर आहे. आवाज दहा डेसिबलने चढवायचा तर वीज दहापट लागते, आणि कानाला तो साधारण दुप्पटच मोठा वाटतो. वीस वॉटचे दोनशे वॉट करावे तेव्हा एवढी एक पायरी चढता येते. पुढच्या पायरीला दोन हजार. म्हणून स्पीकर बदलणाऱ्याचे समाधान कधी टिकत नाही. बसवला त्या दिवशी गॅरेजच्या दारात प्रचंड वाटलेला आवाज अंबडच्या मोकळ्या रस्त्यावर पुन्हा अपुरा पडतो, आणि दोष यंत्राचा वाटतो. खरा दोष चालवणाऱ्याच्या वेगाचा असतो. वारा त्याचा वेगच निर्माण करतो, आणि मग त्याच वाऱ्याशी त्याचा स्पीकर भांडतो. या भांडणात जे कानावर पडते त्यातून सार निवडायचे तर मन मोकळे हवे. ते आधीच समोरचा खड्डा, आडवी येणारी गाय, मागून येणारी एसटी यांत गुंतलेले असते, आणि गुंतलेलेच असायला हवे. तिथे मन गाण्याकडे गेले तर जीव धोक्यात. रस्त्याकडे राहिले तर श्रवण नावापुरते.

हे झाले चालवणाऱ्याचे. रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांचा हिशेब मात्र याहून गंभीर आहे आणि त्याकडे लक्षच जात नाही. समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. त्यामुळे मोटरसायकलचा प्रवास जुन्याच रस्त्यांनी होतो, गावांच्या मधून. देऊळगाव राजाचा रस्ता, अंबडचा, भोकरदनचा. गाव आले की वेग कमी होतो, शंभरचा तीस होतो, वारा पडतो. स्पीकर मात्र शंभरच्या वाऱ्यासाठी चढवलेलाच राहतो. महागड्या टूरिंग गाड्यांमध्ये वेगाबरोबर आवाज आपोआप कमी-जास्त होण्याची सोय असते. बाहेरून बसवलेल्या स्पीकरला बहुधा ती नसते, आणि हाताने आवाज उतरवण्याचे भान उत्साहात राहत नाही. म्हणजे माणसे जिथे राहतात, नेमका तिथेच हा आवाज सर्वांत उघडा आणि सर्वांत मोठा होतो. एक मीटरवर १०५ डेसिबल देणारा स्पीकर दहा मीटरवरच्या ओसरीला सुमारे ८५ डेसिबल देतो. निवासी भागासाठी कायद्याने दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल ठेवली आहे. हा तीस डेसिबलचा फरक ऊर्जेच्या भाषेत हजारपट आहे. त्या ओसरीवर कोणी आजारी असेल, कोणी दहावीचा अभ्यास करत असेल, कोणी रात्रपाळी करून जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातून परतून नुकता झोपला असेल. त्यातला एखादा चालवणाऱ्याहून मोठा भक्त असेल. त्याला विचारलेले नाही.

तरीही कोणी म्हणेल, बिघडले काय, त्याच्याही कानावर नामच पडले. पण त्याच्या कानावर काय पडते ते नीट पाहायला हवे. गावाबाहेर, शेताकडेला उभ्या माणसासमोरून गाडी पूर्ण वेगात जाते. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. शंभर मीटरच्या टप्प्यात आवाज स्पष्ट येत असेल तर तो चार सेकंद टिकतो. चार सेकंदांत अभंगाचा एक चरणही सावकाश म्हणून होत नाही. शिवाय सूर मोडतो. जवळ येणाऱ्या ध्वनीची पट्टी चढते, दूर जाणाऱ्याची उतरते. रेल्वेच्या शिटीचा हा अनुभव सर्वांना आहे. सेकंदाला २५ मीटर या वेगाला येतानाच्या आणि जातानाच्या सुरात सुमारे अडीच अर्धस्वरांचा फरक पडतो, म्हणजे गाडी समोरून जाण्याच्या त्या एका क्षणी गाणे एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत कोसळते. चालवणाऱ्याला हे कधीच कळत नाही, कारण स्पीकर त्याच्याबरोबर चालला आहे. त्याच्यासाठी सूर नेहमीच शुद्ध आहे. उभ्या माणसाला तो शुद्ध सूर मिळणे भौतिकदृष्ट्या अशक्य आहे. मला हे फार मोलाचे वाटते. एकाच भजनाचे दोन वेगळे पदार्थ होतात, एक वाजवणाऱ्याचा आणि एक ऐकणाऱ्याचा, आणि वाजवणारा स्वतःच्या अनुभवावरून दुसऱ्याच्या अनुभवाची ग्वाही देत राहतो. उभ्या माणसापर्यंत शब्द पोहोचत नाहीत, अर्थ पोहोचत नाही, सूरही धड पोहोचत नाही. कोणीतरी इथून गेले, एवढीच बातमी पोहोचते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप भागवतातूनच येतो आणि तो टाळता येणार नाही. सहाव्या स्कंधातला अजामिळ आयुष्याचा मोठा भाग भरकटलेला. मरणाच्या वेळी त्याने नारायण नावाच्या आपल्या मुलाला हाक मारली आणि तेवढ्याने तो तरला. नाम अर्थ न कळता, हेतू नसता, चुकून घेतले तरी काम करते, असे नामाचा महिमा सांगणाऱ्या सगळ्या संप्रदायांनी यावरून मानले. मग रस्त्याकडेच्या शेतकऱ्याच्या कानावर चार सेकंद पडलेले तुटके नाम वाया गेले असे कोण म्हणू शकेल? आक्षेप खरा आहे आणि नामाची शक्ती मोजण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. पण कथेत काय घडते ते पाहू. अजामिळाच्या कानात कोणी ओरडले नव्हते. हाक त्याच्या स्वतःच्या तोंडून निघाली, प्रेमाने निघाली, भले ते प्रेम लेकरावरचे असेल. कथा नाम घेणाऱ्याविषयी आहे. दुसऱ्यावर नाम सोडणाऱ्याविषयी ती काहीच सांगत नाही. आणि समजा, न मागता ऐकलेल्या नामाचाही लाभ ऐकणाऱ्याला होतो असे धरले, तरी त्यामुळे ऐकवणाऱ्याची कृती शुद्ध ठरत नाही. विहिरीत ढकललेल्या माणसाला तळाशी गंगाजल मिळाले म्हणून ढकलणारा पुण्यवान होत नाही. कृपा कशातूनही काम करते, हा देवाचा मोठेपणा आहे. तिच्या नावावर आपली कृती खपवणे हा आपला अधिकार होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप परंपरेचा आहे. आपल्या देवळांत शंख आहे, घंटा आहे, नगारा आहे. पहाटेचा काकडा गावभर ऐकू जात असे आणि कोणी तक्रार केली नाही. शिवाय अखंड हरिनाम सप्ताहात आज मांडवावर भोंगे असतातच. मराठवाड्यात असे गाव शोधावे लागेल जिथे ते नाहीत. मग मोटरसायकलवरच राग का? यातल्या पहिल्या भागाचे उत्तर असे की नगारा आणि शंख ही खूण आहे. आरतीची वेळ झाली, या, एवढे सांगून ते थांबतात. त्यांना ठरलेली वेळ आहे, ठरलेली जागा आहे, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यामागे देहाची मर्यादा आहे. शंख फुंकणाऱ्याचा श्वास संपतो, नगारा वाजवणाऱ्याचा हात दुखतो. आवाज काढण्याचे कष्ट आवाज काढणाऱ्याच्याच अंगावर पडतात, म्हणून तो आपोआप प्रमाणात राहतो. अॅम्प्लिफायरने हे नाते तोडले. काढणाऱ्याला बटण फिरवण्यापलीकडे काही पडत नाही आणि सारे कष्ट ऐकणाऱ्याच्या वाट्याला जातात. सप्ताहाच्या भोंग्याविषयी मी इतकेच म्हणेन की त्याला निदान मांडव आहे. समोर बसलेली माणसे ऐकायला म्हणून आली आहेत, कीर्तनकार त्यांचे चेहरे पाहतो, त्यांना कंटाळा आला की विषय बदलतो, दृष्टांत देतो. माइक तिथे मागच्या रांगेतल्या म्हातारीसाठी आहे. तो मांडवाबाहेर दोन-दोन किलोमीटर नेला जातो तेव्हा त्यालाही मोटरसायकलचाच न्याय लागू होतो, आणि तो लागू करताना कचरू नये. फरक इतकाच की मांडवातला आवाज कमी केला की तिथे कीर्तन शिल्लक राहते. धावत्या गाडीभोवती मांडव कधी नव्हताच. समर्थांनी श्रवणाच्या पुढच्याच समासात कीर्तनभक्ती सांगितली आणि कीर्तन करणाऱ्यावर पाठांतराचा, अभ्यासाचा भार टाकला. गाडीवरच्या स्पीकरमागे ना पाठांतर आहे ना श्रोता. तेव्हा त्याला श्रवण म्हणता येत नाही आणि कीर्तनही म्हणता येत नाही.

यंत्राने वाढवलेल्या आवाजाचा प्रश्न धर्मांना आजच पडला आहे असे नाही, आणि तो फक्त हिंदूंनाच पडला असेही नाही. आज सर्वत्र दिसणारा लाउडस्पीकर राइस आणि केलॉग या अमेरिकी तंत्रज्ञांनी १९२५ साली घडवलेल्या रचनेतून आला, आणि नंतरच्या काही दशकांतच धर्मपंडितांना त्यावर मत द्यावे लागले. मौलाना अशरफ अली थानवी यांनी नमाजात ध्वनिवर्धक वापरण्याला आधी विरोध केला होता. पुढे देवबंदच्याच परंपरेतल्या मुफ्ती मुहम्मद शफी यांनी त्याला वाट मोकळी करून दिली. पण जालन्याच्या वाचकाला याहून जवळचे उदाहरण शहरातच आहे. गुरु गणेश तपोधामामुळे जालना स्थानकवासी जैनांच्या देशभरच्या नकाशावर आहे. स्थानकवासी साधूंमध्ये माइक वापरावा की नाही यावर पिढ्यान्‌पिढ्या गंभीर चर्चा झाली, १९५२ साली सादडीला श्रमण संघ स्थापन झाल्यानंतरही ती मिटली नाही. न वापरण्याचे कारण शांतता हे नव्हते. विजेच्या वापरात अग्निकाय आणि वायुकाय जीवांची हिंसा होते, आणि महाव्रत घेतलेल्या साधूने ती करू नये, करवू नये, तिला अनुमोदनही देऊ नये, हे होते. ज्याला हा जीवविचार मान्य नाही त्यानेही त्याचा परिणाम पाहावा. माइक नसलेल्या प्रवचनात सभेचा विस्तार वक्त्याच्या गळ्याने ठरतो. ऐकायचे तर पुढे यावे लागते, पोराला गप्प करावे लागते, शेजाऱ्याशी बोलणे थांबवावे लागते. ऐकण्याची किंमत ऐकणारा मोजतो, आणि मोजली म्हणून जपतो. आणखी महत्त्वाचे म्हणजे या परंपरेने आवाज वाढवण्याच्या कृतीकडेच नैतिक कृती म्हणून पाहिले. काय बोलले जाते ते पवित्र असले तरी ते कसे पोहोचवले जाते याची वेगळी चौकशी तिने केली. आपण ती कधी करत नाही. गाणे देवाचे आहे, एवढ्यावर आपली चौकशी संपते.

न्यायालयांनी ही चौकशी आपल्या पद्धतीने केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात म्हटले की इतरांची शांतता मोडून किंवा ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही. त्याच वर्षी ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावरच्या ध्वनिवर्धकाला बंदी झाली. कोलकाता उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच न ऐकण्याच्या अधिकाराचा विचार मांडला होता. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, असे पुन्हा सांगितले. हे निर्णय मला मान्य आहेत, पण धर्माच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यावर सोपवावे असे वाटत नाही. कायदा डेसिबल मोजतो. त्याच्या मर्यादेत राहून वाजवलेला स्पीकरही भक्तीच्या कसोटीला उतरत नसेल, आणि त्याविषयी न्यायाधीशाला काही म्हणता येणार नाही. ते भक्तांनाच आपसात म्हणावे लागेल. पोलीस आले म्हणून आवाज उतरवला तर शेजाऱ्याची झोप वाचते. भक्ती होती तिथेच राहते.

लग्नाच्या वरातीत, राजकीय मिरवणुकीत याच्या दहापट आवाज असतो, तेव्हा बोलायचे ते तिथे बोला, असेही म्हटले जाते. तिथेही बोलायलाच हवे. पण वरातीचा डीजे स्वतःला साधना म्हणवत नाही. जो म्हणवतो त्याच्याकडून अधिक मागणे हा त्याचा मानच आहे.

माझ्या दृष्टीने सर्वांत मनापासूनचा आक्षेप एकट्या स्वाराचा आहे. तो म्हणतो, मला कोणाला ऐकवायचे नाही. पंढरपूर किंवा शेगाव गाठायचे आहे, रस्ता लांब आहे, ऊन आहे, डोळ्यांवर झापड येते, मनात चिंता घोळतात. हरिपाठ लावला की हायसे वाटते. हे खरे आहे आणि त्याला कमी लेखणे क्रूरपणाचे होईल. नामाचा आधार मागणाऱ्याला शास्त्राचा बडगा दाखवू नये. पण त्याला जे हवे आहे ते मोठ्या अॅम्प्लिफायरने मिळत नाही, याची साक्ष पुन्हा वाराच देतो. वेग १०० वरून ६० वर आणला तर हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज साधारण दहा डेसिबलने किंवा थोडा अधिकच खाली येतो. म्हणजे वीस वॉटचे दोनशे वॉट करून वाऱ्यावर जितकी सरशी मिळते, तितकी चाळीस किलोमीटर वेग सोडून मिळते. शिवाय बॅटरीवर ताण नाही, कानाला इजा नाही, ओसरीवरच्या माणसाला उपद्रव नाही. योग्य उंचीची काच पुढे बसवली, मानेशी नीट बसणारे हेल्मेट घेतले तर आणखी फरक पडतो. एका वाटेने आपण काहीतरी जोडत जातो आणि दुसऱ्या वाटेने काहीतरी सोडतो, आणि ऐकू येण्यात दोन्हीकडे सारखीच भर पडते. साधनेचे ग्रंथ ज्या वाटेची शिफारस करतात ती दुसरी आहे. योगात प्रत्याहार म्हणतात तो हाच, इंद्रियाला विषयांपासून मागे घेणे. हेल्मेटच्या आतला हळू आवाजातला हरिपाठ, साठच्या वेगाने, एकट्याच्या कानाशी, रस्त्याचे भान ठेवून, याला माझा विरोध नाही. आणि झापड येत असेल तर गाडी थांबवून झाडाखाली बसावे, कारण झोपेवर स्पीकर हा उपाय नाही. चढ्या आवाजाने थकवा वाढतोच. चालू गाडीवर खरोखर साधणारी भक्ती नवविधेतली तिसरी आहे, स्मरण. तिला वीज लागत नाही, वारा तिला अडवत नाही, आणि ती रस्त्यावरचे लक्षही मागत नाही, कारण मुखाने नाम आणि हाताने काम ही सवय या भूमीला शेकडो वर्षांची आहे.

वाहनच वाईट, जुने तेवढे चांगले, असा या सगळ्याचा अर्थ कोणी काढू नये. परंपरेनुसार समर्थ नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तप करून पुढे बारा वर्षे देशभर फिरले. तीर्थाटनाची ओढ मोटरसायकलवाल्याच्या अंगात आहे ती याच मातीतली आहे, आणि तिचा आदरच वाटतो. प्रश्न फिरण्याचा नाही, फिरताना आवाजाचे काय करायचे याचा आहे. त्याचा एक नमुना दरवर्षी याच जिल्ह्यातून जातो. मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघालेली संत मुक्ताईची पालखी देऊळगाव राजाकडून जालन्यात येते आणि अंबडमार्गे बीडकडे जाते. ताशी चार-पाच किलोमीटरची चाल. टाळ, मृदंग, वीणा आणि माणसांचे गळे. या वेगाला सुराची पट्टी जाणवण्याइतकी ढळत नाही, म्हणून दिंडीतल्याला आणि दारात उभ्या असलेल्याला एकच अभंग ऐकू येतो. तो चार सेकंदांत निघून जात नाही. दिंडी येईपर्यंत, समोरून जाईपर्यंत आणि वळणापलीकडे जाईपर्यंत दारातल्या बाईला अख्खा अभंग मिळतो, आणि शेवटच्या चरणाला ती स्वतः म्हणू लागलेली असते. कोणाला नको असेल तर तो दार लोटून घेतो आणि टाळांचा आवाज दाराबाहेर राहतो. कोणाला हवे असेल तर तो चार पावले दिंडीबरोबर चालतो, पाणी देतो, एखादा पुढच्या मुक्कामापर्यंतही जातो. मोटरसायकलवरून राजूरला किंवा जांबला जाणाऱ्या गटाला यातले बरेच काही घेता येईल. गावाच्या शिवेवर यंत्र बंद करावे, देवळाच्या आवारात गाड्या उभ्या कराव्यात, आणि सगळ्यांनी खाली बसून एक अभंग स्वतःच्या गळ्याने म्हणावा. बेसूर झाला तरी चालेल. दोनशे वॉटचा खर्च करायची तयारी असलेल्या गटाला टाळांचे चार जोड आणि एक पखवाज सहज परवडतो, आणि तो वाजवायला शिकताना जे महिने जातील त्यात श्रवण आणि मनन दोन्ही होईल, कारण ताल चुकू नये म्हणून शेजारच्याचे ऐकावेच लागते.